मिरज–लातूर रेल्वे लाइनीवर रुळाच्या चाव्या तपासणाऱ्या चावीवाल्या मामांना

ती. मामा,
सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. शिवाय तुमच्या त्या कागदाच्या झेरॉक्स मी बऱ्याच जणांना वाटल्यात. तो कागद मुळात कुणाचा, हे त्यांनाही कळायला हवं.

रिझर्व्हेशनच्या फॉर्मच्या पाठीमागं तुम्ही निळ्या पेनानं स्टेशनांची नावं लिहून दिली होती. लाइनीवर येतात त्या क्रमानं नव्हे, तुम्हाला आवडतात त्या क्रमानं. नावापुढं दोन-दोन शब्द. ‘येडशी – पावसात.’ ‘ढालगाव – वारं.’ ‘आरग – सकाळी, पाणी गोड.’ ‘सांगोला – चहा बाहेर घेणे.’ आणि सगळ्यात खाली, अधोरेखित करून: ‘गाडीतून बघू नये. उतरावे.’

मामा, आभार मानायचेत ते या शेवटच्या ओळीचे. मिरजेहून कुर्डूवाडीला माणसं झोपून जातात. ऊन, धूळ, बाभळी, मग पंढरपूर, एवढंच त्यांना माहीत. मीही या लाइनीकडं कधी प्रेमानं बघितलं नव्हतं. कोकण रेल्वेचे फोटो काढायला सगळे धावतात; दुष्काळी पट्ट्यातल्या फलाटांवर कोण जाणार? तुम्ही म्हणालात, “पॅसेंजरनं जायचं, उतरायचं अन् बसायचं. पुढची गाडी येतीच की.” पुढची गाडी तासन्‌तास येत नाही, हे मात्र सांगितलं नाहीत! त्या रिकाम्या वेळातच सगळं दिसलं, तेव्हा तक्रार नाही.

पहिल्यांदा उतरलो ते आरगला. स्टेशनातून बाहेर पडून गावाच्या अंगानं चालत गेलं की पानमळे लागतात. बाहेर रणरणतं ऊन आणि मळ्यात शिरलं की ओली गार सावली, झाडांवर चढवलेले वेल, खाली पाटाचं पाणी. मळेवाल्यानं आत येऊ दिलं, पण आधी चपला बाहेर काढायला लावल्या. तुमचं नाव सांगितलं नव्हतं, तरी ‘रेल्वेतल्या मामांनी पाठवलं’ म्हटल्यावर पाणी आलं. गोडच होतं.

सलगरे, कवठेमहांकाळ, लंगरपेठ हा टापू मी उन्हाळ्याच्या तोंडाला केला. बेदाण्याचा हंगाम होता. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, आणि वाऱ्याबरोबर येणारा तो आंबूस-गोड वास. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून या बाजूला आणलं, त्याआधी इथं काय होतं, हे तुम्ही चार वाक्यांत सांगितलं होतं. बेदाणा बघताना ती चार वाक्यं डोक्यात होती.

ढालगावला तुमचं ‘वारं’ कळलं. डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात आणि फलाटावर टोपी धरून बसावं लागतं. जत रोडला उतरलो, पण जत काही तिथून दिसत नाही. म्हसोबा डोंगरगावला नुसतं नावासाठी उतरलो. खोटं कशाला सांगू, तिथं बाकावर झोपलो.

सांगोल्याला मात्र झोप येत नाही. डाळिंबाच्या हंगामात तिथल्या मालधक्क्याचा रुबाब बघण्यासारखा असायचा. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी खास गाडी, सांगोल्यातून सुटली, थेट पश्चिम बंगालातल्या शालिमारपर्यंत. कमी पावसाच्या तालुक्यातलं फळ हावड्याच्या बाजूला जाऊन पोचलं. तुम्ही हे सांगताना स्वतःच्या बागेतलं डाळिंब असल्यासारखे खुलला होता. चहा बाहेरच घेतला, बरं का.

पण खरी गोष्ट तुमच्या हातोडीची. लांब दांड्याची हातोडी खांद्यावर टाकून रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी तपासायची. चावी, म्हणजे रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर, घट्ट असली की ठोका खणखणीत वाजतो, ढिली असली की बद्द, हे तुम्ही मिरजेच्या फलाटावर लोखंडी बाकाच्या पायावर किल्ली आपटून दाखवलंत. जुन्या नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळाच्या चाव्या आणि आताच्या स्प्रिंगसारख्या पँड्रोल क्लिपा यांतला फरक सांगायला लागलात तेव्हा शेजारचे दोघं उठून गेले. मी थांबलो, याचं मला फार बरं वाटतं.

तुम्हीच सांगितलंत म्हणून मी बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे या लाइनीवरच्या जुन्या छोट्या गाडीची माहिती काढत बसलो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डूवाडी ते बार्शी गाडी सुरू केली. रूळ अडीच फुटी. कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याचं गणित. १९०६ ला ही गाडी पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. सरकारनं ती १९५४ मध्ये ताब्यात घेतली. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हाही रूळ तेच अडीच फुटी होते. आषाढीत डबे कमी पडले की वारकरी मालाच्या वाघिणीतून जायचे, अभंग म्हणत, ही तुमची आठवण मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

मोठी लाइन (ब्रॉडगेज) झाली तेव्हा वळसा घेऊन रूळ धाराशिवला नेले. जिल्ह्याच्या गावाला इतकी वर्षं छोट्या गाडीनं बगलच दिली होती. लातूरचं स्टेशन मात्र शहरातून उठून बाहेर गेलं. यावर तुमचं आणि चहावाल्याचं जे भांडण झालं, त्यात मी तुमच्या बाजूचा आहे. म्हाताऱ्या माणसानं पिशवी घेऊन चालत जावं असं ते जुनं स्टेशन होतं.

आणि २०१६ चा दुष्काळ. एप्रिलमध्ये मिरजेतून लातूरला पाण्याची पहिली गाडी गेली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या सुरू झाल्या. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी नळ, टाक्या आणि पुढारी बघितले. रुळाकडं बघणारा माणूस मला तुम्ही भेटलात. “पन्नास वाघिणी पाणी म्हणजे रुळाला कळतंय बरं. त्या दिवसांत ढिली चावी सोडली तर लातूरची घागर रिकामी.” एवढंच बोलून तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत. तेव्हाचे आभार तुम्हाला कुणी मानले की नाही, कल्पना नाही. आज मी मानतो. लातूरला माझी आत्या राहते, तिच्या वतीनंही.

पांगरीच्या पुढं बालाघाटाचे डोंगर सुरू होतात आणि गाडीचा आवाज बदलतो, हे तुम्ही म्हणालात तसंच आहे. येडशीला मी गेलो, पण उन्हाळ्यात. अभयारण्य वाळून गेलेलं होतं. रामलिंगाच्या देवळासमोर जटायूची जागा दाखवतात, ती बघितली. धबधबा बघायचा राहिलाय. त्या घाटात जुन्या छोट्या लाइनीची खूण नेमकी कुठं दिसते, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तेव्हा एक विनंती. पाऊस नीट लागला की श्रावणाच्या आधी एक रविवार काढा. गुडघा बरा असेल तर चालायचं, नसेल तर येडशीच्या फलाटावर बसून तुम्ही फक्त हात करून दाखवा, मी जाऊन येतो. गाडीची वेळ नातवाकडून कळवा. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी आणतो. ठेचा तुमच्या घरचा, मामींना आधीच सांगून ठेवा.

तुमचा,
मिरजेच्या फलाटावरचा भाचा