बाबा, आतला मजकूर छापायचा नाही

तीर्थरूप आई-बाबांना,

सा. न.

सोबतचं पाकीट कात्रीने उघडताना अगदी कडेने कापा. आत चोवीस कोरे जाड कागद आहेत, वीस फोटो आहेत आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचं एक रीळ आहे. सणाची कार्डं तयार करून पाठवते म्हणाले होते आणि पाठवला हा कच्चा माल, म्हणून आई लगेच फोन करेल. आधी पत्र वाच, मग फोन कर.

फोटोपासून सुरुवात करते, कारण भांडण त्यावरूनच होणार आहे. बाबांना तो जुना स्टुडिओतला कृष्णधवल फोटो हवा होता. मी तो स्कॅन करून पाहिला. अडीच बाय साडेतीन इंचांचा एवढासा फोटो, पण ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की १५०० बाय २१०० पिक्सेल मिळतात आणि त्यातून पाच बाय सात इंचांची स्वच्छ प्रत निघते. म्हणजे फोटोत खोट काहीच नव्हती. पण त्यात तुम्ही दोघं अशी बसला आहात, जणू कोणी श्वास घ्यायला मनाई केली आहे. म्हणून मी दादाने काढलेला रेडिओचा फोटो घेतला. बाबा रेडिओ उघडून बसलेत, आई टॉर्च धरून उभी आहे, आणि टॉर्चचा झोत रेडिओवर नाही, बाबांच्या टकलावर. आई, तुझे केस विंचरलेले नाहीत हे मला दिसतंय. बाकी कोणाला दिसणार नाही, सगळे टकलाकडेच बघतील.

हा फोटो कागदावर आणताना मात्र घाम फुटला. दादाने व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा तो आक्रसून आला होता. फोनवर झकास दिसायचा, छापल्यावर तुझ्या साडीची नक्षी धुरकट. मग त्याच्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला. पहिली प्रत काढली तर बाबांचे हात अंधारात गडप. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो; त्यामुळे पडद्यावर जेमतेम उजळ वाटणारा फोटो कागदावर काळोखा होतो. काळोखा भाग थोडाथोडा उजळत गेले, टॉर्चचा झोत जळणार नाही एवढंच सांभाळलं. चौथी प्रत जमली. फोनचा उभा फोटो पाच बाय सातपेक्षा किंचित रुंद असतो, म्हणून बाजू थोड्या कापाव्या लागल्या. त्यात खुर्चीवरचा न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग गेला. हे आईला आवडेल.

आता मुख्य गोष्ट. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, “मजकूरही छापूनच घे, हल्ली हात कापतो, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.” मी तेव्हा ‘बरं’ म्हटलं होतं. ते खोटं होतं. आतली बाजू कोरी आहे.

तुमच्या बाजूने बोलणारं उदाहरण मीच देते. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना सणाच्या दिवसांत सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि कार्डं छापली. विकायला आलेलं नाताळचं पहिलं कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. म्हणजे शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी लिहायच्या कंटाळ्यातून झाला! पण त्या कार्डावरही वर ज्याला पाठवायचं त्याचं आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव हाताने घालायला जागा सोडली होती. एवढी पळवाट त्यांनीही काढली नाही.

आणि दादाला सांगा, घरच्या फोटोंची कार्डं ही माझी टूम नाही. कोडॅकने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या मापाचा फोटो निघेल असा घडीचा कॅमेरा आणला होता. लोक आपलेच फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापून पोस्टात टाकायचे. बाबा, त्यापुढची गंमत खास तुमच्यासाठी. १९१४ पासून कोडॅकच्याच काही कॅमेऱ्यांच्या पाठीला एक बारीक झडप असायची. ती उघडून धातूच्या काडीने फिल्ममागच्या कागदावर लिहायचं, की ती अक्षरं निगेटिव्हवर उमटायची. भर वाऱ्यात, कॅमेरा हातात धरून लिहिलेलं! ते अक्षर काय वळणदार येत असेल?

हॉस्टेलवर तुम्ही पाठवलेली कार्डं मी परवा बाहेर काढली. प्रत्येकात चार ओळींची छापील कविता आहे. इतक्या वर्षांत त्यातली एकही मी वाचलेली नव्हती, हे परवाच लक्षात आलं. खाली तुमच्या निळ्या शाईत ‘पैसे पाठवले आहेत. रात्री जागू नकोस.’ ते पाठ आहे.

म्हणून सगळी मांडणी तुमच्या पेनाच्या सोयीने केली आहे. चकचकीत कागदावर शाई वाळत नाही, बोट लागलं की फराटा. फार पातळ साध्या कागदावर ती फुटते. तीन कागदांवर तुमच्यासारखं जाड निबचं पेन चालवून पाहिलं आणि हा किंचित खरखरीत कागद निवडला. त्यावर पेन घसरत नाही, हाताला आधार वाटतो. चकचकीत आहेत ते फक्त फोटो, आणि ते बाहेर लागणार आहेत.

कागद मुद्दाम दुमडलेले नाहीत. घडी घातल्यावर जाड कार्ड मधोमध उचलतं आणि सपाट जागा राहत नाही. मी शाई संपलेल्या बॉलपेनाने, पट्टी धरून, मधोमध नुसती खोबण पाडली आहे. बाबांनी सपाट कागदावर लिहायचं, उजव्या अर्ध्या भागावर. मोठं लिहा. दोनच ओळी पुरेत, एका दिवशी दोनच कार्डं. चहूबाजूंना जागा हवी, ओळी वाकड्या गेल्या तरी बिघडत नाही. एखादं बिघडलंच तर चार कागद जास्तीचे आहेत. फोटो वाया जाऊ नये म्हणूनच तो आधी चिकटवलेला नाही.

शाई वाळली की पुढचं आईचं खातं. खोबणीच्या मागे जो बारीक उंचवटा आलाय तो घडीच्या आत राहील असं दुमड. उलट दुमडलंस तर घडी तडकते. बोटाने दाबू नकोस, चमच्याच्या पाठीने एकदाच घट्ट ओढ. फोटोला डिंक अजिबात लावू नकोस, पाण्याने कागद फुगतो आणि मग कार्डाला लाटा येतात. टेपच्या चार पट्ट्या, कडांपासून जरा आत. डावी-उजवीकडे साधारण एक सेंटिमीटर आणि वर-खाली दीडेक सेंटिमीटर जागा सुटेल. मी पेन्सिलीने चार ठिपके दिलेत, ते फोटोखाली झाकले जातील.

गेल्या खेपेला यादी एकतीस नावांची होती. या वेळी मी वीस फोटो छापले, कारण आईने फोनवर एकोणीसच नावं सांगितली. कोण गळलं ते मी विचारलं नाही. विसावं माझं आहे. माझ्याही कार्डावर पत्ता बाबांनीच लिहायचा, आई, तू नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. तो रेडिओ शेवटी वाजला का? दादा म्हणतो वाजला. मी बाबांना विचारलं तर त्यांनी हवामानाचा विषय काढला.