फळा, खडू मिळतो, आवाजाचे काय?

महोदय,

मी २१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या श्रावणात माझा आवाज बसला, तो उठेचना. एका बाईंनी ज्येष्ठमध दिला, दुसरीने खडीसाखर-मिरी. घशाला विश्रांती म्हणून मी आठवडाभर कुजबुजत वर्ग घेतला आणि होता तेवढाही आवाज घालवून बसले.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी. "कुजबुज आधी बंद. त्याने ताणच पडतो," ते म्हणाले. आणि चघळलेले काही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, ते अन्ननलिकेत जाते. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. पत्र्यावर पाऊस, समोर ४८ पोरे आणि वरून माझे ओरडणे; घट्टे पडणारच.

ऑपरेशन टळले. वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी व्यायाम दिले: पेल्यात थोडे पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, दिवसातून चार-पाच वेळा. (सासूबाई म्हणाल्या, "बाई, लहान झालीस काय?") शिवाय ओठ मिटून गुणगुणणे, श्वास पोटातून. खाकरायचे नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट. रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवे व्हायचे नाही, आम्ल वर येऊन घसा भाजतो. हे कोल्हापुरात पाळणे सर्वांत अवघड गेले. अडीच महिन्यांनी आवाज परत आला. आता वर्ग शांत करायला मी घंटी वाजवते. पहिल्या दिवशी एकाने हात जोडले होते.

थोर शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज तरुणपणी अती गाण्याने गेला होता. परतला तो पूर्वीसारखा नव्हता, म्हणून त्यांनी गायकीच नवी घडवली. देवल क्लब या संगीतसंस्थेच्या आमच्या गावात ही गोष्ट कौतुकाने सांगतात. पण खाँसाहेबांना गाणे बदलता आले, मला पाढे तेच घ्यायचे आहेत.

डी.एड.ला आम्हाला फळ्यावरचे अक्षर घोटवून घेतले, आवाजाबद्दल एक तासही नाही. शिक्षण विभागाने सुट्टीतल्या प्रशिक्षणात तो एक तास वाचा-उपचार तज्ज्ञांना द्यावा आणि मोठ्या वर्गांना छोटे माईक द्यावेत. माझा मी पदरच्या पैशाने घेतला. तीन-चार आठवडे घोगरेपणा राहिला तर तपासणी करावी, हेही तिथेच सांगावे.

सध्या आमच्या शाळेत आणखी तिघींचा आवाज बसला आहे. तिघी ज्येष्ठमध चघळत आहेत.

– एक शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर