वरच्या मजल्यावरच्या काकींना, भोपळ्याबद्दल थँक्यू

काकी, समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "बरें बरें, च्या घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या रविवारी ताई, भावजी आणि भाची म्हापशाला माझ्याकडे जेवायला येणार होते. भाचीने इन्स्टावर रोस्टेड बटरनट स्क्वॉश (तिकडचा एक भोपळाच) बघून ठेवलेला, तिला तेच हवं. मी सुपरमार्केटातून एक आणला (किंमत सांगत नाही, आई हे वाचते), रेसिपीत लिहिलेलं ४०० डिग्री, आणि माझ्या ओटीजीचं (छोट्या ओव्हनचं) बटण २५० च्या पुढे जातच नाही. म्हटलं ४०० नाही तर निदान असेल तेवढं तरी, फुल्ल फिरवलं, फोडी एकावर एक कोंबल्या आणि थोड्या वेळाने बघतो तर वरचा थर कोळसा, खालचा गिचका, मधलं कच्चं. वास तुमच्या बाल्कनीत पोचला आणि तुम्ही गाऊनवरच खाली आलात.

पहिलं वाक्य, "अरे ते फॅरनहाइट!" ४०० फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण २०० सेल्सिअस. मी इंजिनिअर आहे, हे इथे कशाला सांगतोय माहीत नाही.

मग तुम्ही शुक्रवारच्या बाजारातला आपला अख्खा तांबडा भोपळा आणलात. नंतर वाचलं की बटरनट आणि आपला भोपळा बहुतेक एकाच जातीतले, कुकुर्बिटा मोशाटा. बटरनटला विंटर स्क्वॉश म्हणतात, ते नावही थंडीत पिकतो म्हणून नाही, टणक सालीमुळे काढल्यावर तिकडे थंडीभर टिकतो म्हणून. तुमच्या सासरी डिचोलीला माळ्यावर ठेवायचे तसंच की. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही म्हणून तो घाव माझ्याकडून घालून घेतलात, मी असलं मानत नाही, पण सुरी अर्ध्यात अडकली तेव्हा जरा घाबरलो.

बोटभर जाड फोडी, साल तशीच, फडक्याने टिपून कोरड्या केल्या, दोन चमचे खोबरेल, मीठ, मिरी, बस. ओटीजी आधी दहा मिनिटं तापवला. दुसरा ट्रे तुमच्या घरून आला, कारण "फोडी एकमेकींना चिकटल्या की वाफेवर शिजतात, भाजत नाहीत". हे मला कुठल्याच व्हिडिओत कळलं नव्हतं, तुम्हाला बोटीवर गॅलीत (स्वयंपाकघरात) काम करणाऱ्या तुमच्या मुलाने व्हॉट्सॲप कॉलवर शिकवलेलं. एकेक ट्रे करून भाजलं. वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग उलटायच्या, आणि अजून पंधरा. मी तीनदा दार उघडायला गेलो आणि तीनदा हातावर चापट खाल्ली.

खरं थँक्यू त्या चापटींसाठी. मी चाट मसाला काढला, मध काढला, लसूण सोलायला घेतली, आणि तुम्ही एकेक करून सगळं परत फळीवर ठेवलंत. "भोपळा आधीच गोड, त्याला आणि गोड कशाला?" कडा बदामी झाल्या, आतून मऊ, वरून माडाच्या व्हिनेगरचे चार थेंब आणि तव्यावर मीठ लावून भाजलेल्या बिया. तळलेला बांगडा, शितकडी (भात-कालवण) आणि तोंडी लावायला हे. भाचीने नऊ फोडी खाल्ल्या, मी मोजत होतो. तो बटरनट नव्हता हे तिला अजून सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

त्यानंतर चारदा केलाय, दर वेळी काहीतरी घालावंसं वाटतं आणि हात आखडतो.

आणि हो, तुमचं ते निळं चौकड्यांचं फडकं माझ्याकडेच राहिलंय. कोपरा थोडा जळलाय. थोडा म्हणजे, अर्धं.