कोडच्या फायलीला व्हिडिओ ठरवू नका

संपादक साहेब,

आमच्या कॉलेजची पोरं टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोजेक्ट करतात, फायलीचं एक्स्टेंशन, म्हणजे नावाचं शेपूट, डॉट टीएस, आणि सबमिशनचं पोर्टल सरळ सांगतं की व्हिडिओ चालणार नाही! कारण टीव्हीवाल्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम नावाच्या व्हिडिओ फायलीचंही एक्स्टेंशन तेच, आणि तिथलं ते टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये आली त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. पण नुसतं नावाचं शेपूट बघून ठरवायचंच कशाला, फाइल उघडून बघा ना, खऱ्या स्ट्रीममध्ये दर १८८ बाइटला ४७ हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) म्हणजे इंग्रजी जी हे अक्षर येतंच येतं, कोडमध्ये तसं कुठून येणार? चार ओळींचं काम आहे हो. शेवटच्या तारखेला पोरांची फाइल अडकते, मार्क जातात, फार वाईट वाटतं. पोर्टलवाल्यांनी पुढच्या सबमिशनच्या आत हे दुरुस्त करावंच.

– एक प्राध्यापिका, नाशिक