समेची वाट पाहून बाटल्या चेपणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. पत्र सगळ्यांसमोर लिहायचं, हा हट्ट मात्र माझा. ठाण्याच्या उपवन तलावाकाठचा संगीत महोत्सव संपला तेव्हा व्यासपीठावरून आभार मानले गेले. मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, पोलीस, प्रायोजक, हार-गजरे पुरवणारे, अशी यादी मोठी होती आणि त्यातला प्रत्येक जण त्या आभारांना पात्र होता. तुमचा आणि तुमच्यासोबत तिथला कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचा उल्लेख तेवढा झाला नाही. त्याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून हे आभार मी मानते आहे.

आधी पूरियाबद्दल लिहिते, कारण तुमची खरी ओळख मला तिथे झाली.

पहिल्या संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगरामागे गेला आणि गायकांनी पूरिया लावला. संधिप्रकाशातला राग. पंचम हा स्वर नाहीच, षड्जावरही फारसं थांबायचं नाही, गंधार-निषाद या स्वरांच्या आधाराने सगळी आलापी उभी करायची. अशा वेळी श्रोता श्वास धरून बसलेला असतो. खाण्याच्या स्टॉलमागे आपली कचरा वेगळा करायची जागा होती. कॉलेजची मुलं तिथे पायाने बाटल्या चेपत होती, अगदी मन लावून. तुम्ही हाताचा पंजा वर करून त्यांना थांबवलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "आत्ता नको. तबला येऊ द्या. समेला दाद पडेल ना, तेव्हा चेपा." मुलं बघतच राहिली. थोड्या वेळाने बंदिश सुरू झाली, एक लांब तान फिरून नेमकी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन बसली, पुढून टाळ्या आल्या आणि तुम्ही मान हलवलीत. जेवढ्या बाटल्या पायाखाली मावल्या तेवढ्या एका दमात चेपल्या गेल्या. मग पुन्हा सगळं शांत. महोत्सव संपेपर्यंत आपलं काम याच पद्धतीने चाललं.

ज्यांनी उघड्यावरची मैफल कधी मागे उभं राहून ऐकलेली नाही, त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. नाट्यगृहात बाहेरचा आवाज भिंती अडवतात. घाणेकर नाट्यगृहात कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं तर फार तर दोन रांगांना त्रास. तलावाकाठी तसं काही नसतं. तंबोऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारांच्या त्या गुंजत्या झंकारातून, जे बारीक, वरचे स्वर झिरपत राहतात, त्यांच्याच आसपास बाटलीचा नि पाकिटाचा कडकडाट असतो. स्पीकर कितीही मोठे असले तरी कानाशेजारी चुरगळलेलं पाकीट त्या जवारीला पुसून टाकतं. मी गेली अनेक वर्षं ठाण्यात गाणं ऐकते आहे. हे शहर गाण्याचं आहे, पालिका इथे पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह भरवते, दिवाळी पहाटेला तलावपाळीवर पाय ठेवायला जागा नसते. पण कचरा उचलण्याच्या आवाजाचा लयीशी मेळ घालणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर चहा पिताना तुम्ही सांगितलंत की वडील भजनात पखवाज वाजवायचे. बाहत्तरच्या दुष्काळात ते जालन्याकडून इकडे आले, हाताला मिळेल ते काम केलं, आणि एकादशीला चाळीत भजन मात्र चुकू दिलं नाही. सम कुठे येते हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. तुम्ही हे इतक्या सहज सांगितलंत की त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. आज लिहिते: त्या मंडपात जाणकार म्हणून पुढच्या रांगेत बसलेल्या कितीतरी जणांइतकंच तुम्ही गाणं ऐकत होतात, आणि हातातलं काम न सोडता ऐकत होतात.

आता कामाबद्दल.

शंभराहून जास्त माणसं जमवायची असतील तर आयोजकांनी किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलेलं होतं. हे वाक्य आमच्या स्वयंसेवकांच्या मंडळाला पाठ होतं. ते जमिनीवर कसं उतरवायचं, हे तुम्ही शिकवलंत. डबे प्रवेशद्वाराशी शोभेला ठेवायचे नाहीत, कारण आत येताना कुणाच्याच हातात कचरा नसतो. माणसाचं खाऊन होतं तिथे, तो हात धुतो तिथे आणि मध्यंतरात खुर्चीवरून उठून पहिलं वळण घेतो तिथे डबे हवेत. एकटा डबा कुठेच नको, ओल्याचा आणि सुक्याचा कायम जोडीने. आणि पहिला तासभर प्रत्येक जोडीपाशी एक माणूस उभं हवं. "पहिला माणूस चुकीचं टाकतो, मग मागचे त्याचं बघून टाकतात," हे तुमचं म्हणणं मी पहिल्याच मध्यंतरात डोळ्यांनी पाहिलं. जिथे आपल्यातली एक स्वयंसेवक मुलगी उभी होती तो डबा रात्रीपर्यंत स्वच्छ वेगळा राहिला. जिथून स्वयंसेवक फोन घ्यायला बाजूला गेला, तिथे मिसळीचा रस्सा पुठ्ठ्यांवर सांडला.

पुठ्ठ्याला रस्सा लागला की त्याचा भाव गेला, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. आमच्यासारख्या घरी दोन डबे ठेवणाऱ्यांना हे माहीत असतं ते नियम म्हणून. तुम्हाला ते हिशेबाने माहीत आहे. कोरडा पुठ्ठा भंगारवाला वजनावर घेतो. ओला, तेलकट पुठ्ठा घेत नाही, मग तो घंटागाडीत आणि तिथून डम्पिंगवर. बाटलीचं झाकण काढायचं, कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं आणि झाकण असताना बाटलीतली हवा निघत नाही, गोणीत निम्मीच मावते. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकला चकाकता थर असा चिकटवलेला असतो की तो सुटत नाही, त्यामुळे त्याला कुणी गिऱ्हाईक नाही. तुम्ही ती पाकिटं वेगळ्या गोणीत भरायला लावलीत आणि शेवटच्या दिवशी ती गोणी स्टॉलवाल्यांसमोर नेऊन ठेवलीत, काही न बोलता. पुढच्या वेळी भडंग आणि शेंगदाणे कागदी पुडीत देऊ, असं त्यांच्यातल्या दोघांनी तिथेच कबूल केलं.

आणि तो चहाचा पेला. देशभर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद झाले, महाराष्ट्रात तर बंदी २०१८ पासूनच आली. त्यामुळे स्टॉलवर 'कागदी' पेले बघून सगळे निश्चिंत होते. तुम्ही एक रिकामा पेला उचललात, त्याची कड दातांनी थोडी फाडलीत, मग अंगठ्याच्या नखाने आतला पदर हळूच सोलत आणलात. पाण्यासारखी पारदर्शक, पातळ पन्नी बोटावर आली. ती तुम्ही दिव्याखाली धरलीत. "हे कागदात जात नाही, प्लास्टिकमध्ये पण जात नाही," म्हणालात. स्टॉलवरची बाई, दोन स्वयंसेवक, रांगेत उभं असलेलं एक जोडपं, सगळे तो पापुद्रा बघत होते. रांगेतल्या त्या गृहस्थांनी पिशवीतून स्वतःची स्टीलची बाटली काढली आणि चहा तिच्यात घेतला. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर काचेचे ग्लास आले आणि धुवायला एक माणूस. इतक्या वर्षांत भिंतीवरच्या सूचनांनी जे झालं नव्हतं, ते तुमच्या नखाने एका मिनिटात केलं.

फुलांबद्दलही लिहायला हवं. कलाकारांना घातलेले हार, रंगमंचावरची झेंडूची तोरणं, खुर्च्यांखाली पडलेले गजरे. तुम्ही हारांतला दोरा आणि जरीची पट्टी काढून फुलं वेगळी केलीत, आणि ताटांत उरलेल्या अन्नाच्या ढिगात ती मिसळू दिली नाहीत. सुका पालापाचोळा घालून त्यांचं खत चांगलं होतं, आणि तलावाकाठी पाचोळ्याला काय तोटा. उरलेल्या अन्नाचा ओला कचरा मात्र रोजच्या रोज गाडीत गेलाच पाहिजे, यावर तुम्ही अडून बसलात. रात्री गाडी यायला उशीर झाला तेव्हा फोनवर तुम्ही मुकादमांशी ज्या शांतपणे बोललात, तसं बोलणं मला जमायला हवं.

रात्री डोंगरावरून वारा सुटला की हलकं ते सगळं पाण्याकडे जातं. सुक्याच्या गोण्यांची तोंडं बांधून त्या तलावाच्या विरुद्ध बाजूला ठेवायच्या, हे तुम्ही जागा बघताक्षणी ठरवलंत. महोत्सव संपल्यावर सकाळी मी फिरायला गेले तेव्हा घाटाच्या पायऱ्या स्वच्छ होत्या आणि पाण्यावर एकही पेला तरंगत नव्हता. उपवनला रोज येणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

माझ्यासाठी केलेली एक गोष्ट वेगळी सांगते. कचऱ्याचं काम अंगावर घेतलेल्या स्वयंसेवकाला गाणं कधी ऐकायला मिळत नाही, हा माझा अनुभव. तुम्ही पाळ्या लावल्यात. कुणी कधी पुढे जाऊन बसायचं हे ठरवलंत, आणि बागेश्री राग सुरू झाला तेव्हा माझ्या हातातले मोजे काढून घेऊन मला अक्षरशः पुढे ढकललंत. दवामुळे तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, उतरत होती, तबलजी दोन बंदिशींच्या मध्ये हातोडीने पुन्हा सूर लावत होते, आणि मी तो सगळा बागेश्री कसलीही घाई नसताना ऐकला. तो माझ्याजवळ राहील.

तुम्हाला मात्र त्या रात्री पुढे बसता आलं नाही. खुल्या मैदानात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून कार्यक्रम वेळेत संपतो, श्रोते घरी जातात, आणि तुमच्या कामाचा सगळ्यात जड भाग तेव्हा सुरू होतो. तुम्ही शिवाईनगरच्या नाक्यावरून शेअर रिक्षा शोधत स्टेशनला गेलात आणि तिथून दिवा स्टेशनची लोकल. ज्या दिव्यात डम्पिंगच्या धुरात तुमच्या मुली वाढल्या, त्याच दिव्यात. आपल्या ठाण्याने जे खाऊन टाकून दिलं, ते कितीतरी वर्षं तुमच्या दाराशी जळत होतं. तुम्ही त्याबद्दल कडवट बोलला नाहीत. माझ्या मनात ते आहे, म्हणून इथे नोंदवते.

आणि पैशांचंही. ध्वनी, प्रकाश, मंडप यांचे दर महोत्सवाच्या कितीतरी आधी ठरतात. तुमची मजुरी शेवटच्या दिवशी, उरलेल्या रकमेकडे बघून ठरवली गेली, आणि तीही आम्ही दोघी-तिघी अडून राहिलो म्हणून. जेवणाची कुपनं उशिरा आली. मोजे पहिल्या दिवशी नव्हते. बायकांना बसायला सावलीची जागा तुम्ही स्वतः ताडपत्री बांधून केलीत. हे सगळं मी आयोजकांना लेखी दिलं आहे, आणि सुक्या कचऱ्याचे पैसे पूर्णपणे तुमच्या गटाचे, हेही त्यात लिहून घेतलं आहे. त्यांनी ते मान्य केलं, याचं समाधान आहे.

मावशी, पुढच्या महोत्सवाची पहिली बैठक पावसाळा संपला की होईल. त्या बैठकीला ध्वनिव्यवस्थेवाल्यांच्या शेजारी तुमची खुर्ची असेल. मजुरीचा आकडा तुम्ही सांगायचा, डबे कुठे ठेवायचे तेही तुम्हीच. आणि एक संध्याकाळ पूर्ण तुमच्या गटाच्या सुट्टीची, पुढच्या रांगेत बसून. ती कोणती, हे कार्यक्रमपत्रिका हातात आली की तुम्ही निवडा. त्या दिवशी मागचं सगळं काम आमचं मंडळ करेल. बाटल्या केव्हा चेपायच्या ते आता आम्हाला माहीत आहे.

तुमची मनापासून आभारी,
ठाण्यातली एक श्रोती