डबी गप्प होती, म्हणून मी निश्चिंत होते

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. आई, तू किती सहज बोलून गेलीस, "अगं, पॅसेजमधला दिवा हल्ली रात्री लागत नाही, मी आपली भिंतीला हात लावत जाते." हल्ली म्हणजे कधीपासून, विचारलं तर म्हणालीस, "आठ-नऊ दिवस झाले असतील. तू कामात असतेस, म्हटलं आलीस की बघशील." गुडघा दुखत असताना नऊ रात्री तू अंधारात चाचपडत गेलीस आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

फोन ठेवला आणि ॲप उघडलं. हबचा, म्हणजे घरातले दिवे आणि सेन्सर एकत्र चालवणाऱ्या आपल्या डबीचा, शेवटचा संपर्क नऊ दिवसांपूर्वीचा. म्हणजे मी नऊ दिवस ते उघडलंच नव्हतं. उघडायची गरज वाटली नाही, कारण सगळी व्यवस्था मीच तशी लावली होती. कुठे पाणी गळलं, बाहेरचं दार उघडं राहिलं किंवा सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात कुणाची हालचाल दिसली नाही, तर माझ्या मोबाइलवर संदेश यायचा. एरवी काहीच यायचं नाही. पण हे सगळे संदेश पाठवणारी ती एकच पांढरी डबी. तीच बंद पडल्यावर संदेश येणार कुठून? मोबाइल शांत आहे म्हणजे घरी सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले होते. या नऊ दिवसांत तुमच्यापैकी कुणी पडलं असतं तरी तो मोबाइल तसाच शांत राहिला असता. हे मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय बाबांना सगळं कागदावर लागतं, आणि या वेळी ते कागदावर असायलाच हवं.

आधी काय झालं ते सांगते. बाबा, काल तुम्ही टॉर्च धरून जेवढं तपासलंत तेवढ्यावरून मला बहुतेक सगळं कळलं. डबीवरचा दिवा लागत नव्हता आणि ॲडॉप्टर हाताला गार लागत होता, म्हणजे पहिला दोष ॲडॉप्टरचाच. वर्षानुवर्षं तो चोवीस तास चालू होता, तोही राउटरला चिकटून, गरम जागेत. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, उष्णतेनं हळूहळू सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ती जागा मीच निवडली होती, तारा दिसू नयेत म्हणून.

ड्रॉवरमध्ये सापडलेला दुसरा ॲडॉप्टर तुम्ही लावायला निघालात तेव्हा मी जरा ओरडलेच, त्याबद्दल रागावू नका. पिन बसत होती, पण मागे 12 व्होल्ट लिहिलं होतं आणि आपल्या डबीला 5 व्होल्ट लागतात. हे वहीत लिहून ठेवा: व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तरी चालतात. पिन बसते एवढ्यावर कधीही जाऊ नका.

मग योग्य ॲडॉप्टर लावल्यावर पिवळा दिवा लागला, आपल्या तिघांनाही हायसं वाटलं, आणि थोड्या वेळानं तो विझून पुन्हा लागला. परत विझला, परत लागला. डबी सुरू व्हायला बघते, आतला प्रोग्राम वाचता येत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हबच्या मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, आणि आपली डबी प्रत्येक सेन्सरचं प्रत्येक तापमान, प्रत्येक दाराची उघडझाप दिवसरात्र लिहीत होती. मेमरी झिजली असेल, किंवा ॲडॉप्टर मरताना वीज कमीजास्त होऊन आतलं बिघडलं असेल. ती चिप बोर्डावरच जोडलेली असते. कुणी कुशल माणूस ती बदलूही शकेल, पण आत साठवलेली जोडण्यांची माहिती परत येणार नाही, आणि तिची प्रत मी कधी काढून ठेवली नव्हती. म्हणून दुरुस्तीच्या मागे न लागता नवी डबी घ्यायची. मी ती मागवली आहे, शनिवारी घेऊन येते.

तोवर एक विनंती. डबीच्या मागे टाचणीएवढं भोक आहे, ते दाबू नका. दहा सेकंद दाबलं की सगळं पुसलं जातं. अजून एकदा तिच्यातून जोडलेल्या वस्तूंची यादी तरी काढता येते का, हे मला बघायचं आहे.

बाबांनी विचारलं होतं, नवी डबी लावली की सगळं आपोआप सुरू होईल ना? नाही होणार. आपले बल्ब आणि सेन्सर झिगबीवर चालतात, म्हणजे वायफायपासून वेगळ्या, कमी वीज खाणाऱ्या रेडिओवर. अशा प्रत्येक जाळ्याची एक गुप्त किल्ली असते, 128 बिटांची. आपल्या वस्तूंना जुन्या डबीची किल्ली ठाऊक आहे, नवीची नाही. म्हणून सगळ्या चौदा वस्तूंना जुनं विसरायला लावून एकेक करून नव्याने जोडावं लागेल. दाराचं कुलूप वेगळ्या जातीचं आहे, झेड-वेव्ह नावाच्या दुसऱ्या रेडिओचं. त्याला आधी जुन्या जाळ्यातून रीतसर वगळावं लागतं, तेव्हाच ते नव्यात येतं. सुदैवानं हे वगळणं नव्या डबीवरूनही करता येतं. कुलपाचे आकडे कुलपातच साठवलेले असतात, म्हणून दार तेवढं नेहमीसारखं उघडत राहिलं, आणि म्हणूनच काही बिघडलंय हे तुमच्याही लवकर लक्षात आलं नसावं.

जोडताना क्रम महत्त्वाचा. विजेवर चालणाऱ्या वस्तू आधी, त्यातही डबीजवळच्या सगळ्यांत आधी. त्या नुसत्या स्वतःचं काम करत नाहीत, इतरांचे निरोपही पुढे पोचवतात. सेलवर चालणारे सेन्सर सेल वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेले असतात, ते कुणाचा निरोप पुढे नेत नाहीत, ते शेवटी. आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागेवरच जोडायची. मागच्या वेळी मी सगळं टेबलावर मांडून जोडलं आणि मग घरभर नेऊन लावलं, म्हणून मागच्या खोलीतला सेन्सर पहिले काही दिवस सतत हरवायचा. नवी डबी राउटरपासून मीटर-दोन मीटर लांब ठेवू. वायफाय आणि झिगबी दोघंही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, शेजारी ठेवलं की एकमेकांच्या बोलण्यात आवाज मिसळतो.

निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, आता सगळीकडे मॅटरचं नाव दिसतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकींशी बोलावं म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये आलेली ही समाईक पद्धत. चांगलीच आहे, पण खोक्यावर मॅटर लिहिलंय म्हणून आपल्या जुन्या झिगबी वस्तू चालतीलच असं नाही. म्हणून झिगबी, झेड-वेव्ह आणि मॅटर तिन्ही येणारा हब घेतला. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीनं जास्त मोठी: इंटरनेट नसतानाही हा हब घरातल्या घरात काम करतो. रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, ती कंपनी गूगलच्या नेस्टनं 2014 मध्ये घेतली आणि मे 2016 मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरात धडधाकट असलेले हब एका दिवसात निकामी झाले. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन नावाच्या अशाच कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले, तेव्हाही कितीतरी घरांतली ठरवून ठेवलेली कामं थांबली. तुमच्या पॅसेजमधला दिवा दूरच्या कुठल्या तरी यंत्रावर अवलंबून असावा, हे मला आता पटत नाही.

खरं तर तो दिवा कुठल्याच हबवर अवलंबून नको. आई, ऐक. भिंतीवरच्या बटणांना मी चिकटपट्टी लावली होती ना, कुणी चुकून बंद करू नये म्हणून? त्या पट्ट्या आजच काढ. असे बल्ब बटणावरून बंद केले की त्यांची वीजच जाते, मग ते डबीचंही ऐकत नाहीत आणि इतरांचे निरोपही अडतात, म्हणून मी त्या लावल्या होत्या. पण बटण बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर दिवा लागला असता. त्या नऊ रात्री उजेड तुझ्या हाताशी होता, आणि मी तो झाकून ठेवला होता. तू माझी पट्टी काढली नाहीस, कारण मी सांगितलं होतं. मला याचं फार वाईट वाटतंय गं.

आता असं करू. स्मार्ट बल्ब काढून साधे लावू, आणि इलेक्ट्रिशियनकडून बटणाच्या मागे, भिंतीच्या आत, छोटी रिले, म्हणजे बटणावरूनही आणि डबीवरूनही चालणारा स्विच, बसवून घेऊ. मग बटण दाबलं की दिवा लागणार, डबी असो वा नसो. डबी असली तर ती वेळेवर लावेल-विझवेल, एवढंच. पॅसेजमध्ये खाली, पायाशी, दोन स्वतंत्र दिवे लावू, ज्यांच्या आतच सेन्सर असतो. माणूस आला की लागतात, गेला की विझतात. त्यांना ॲप नाही, जोडणी नाही, माझी गरजही नाही. धुराच्या अलार्मचं मी तपासलं, तो स्वतःच्या सेलवर स्वतः वाजतो. डबी बंद असतानाही वाजला असता. त्याचं बटण दाबून महिन्यातून एकदा आवाज मात्र ऐका.

आणि ते शांत राहणं. नवी डबी रोज सकाळी एका बाहेरच्या सेवेला "मी चालू आहे" एवढं कळवेल. तिनं कळवलं नाही, तर ती सेवा मला उठवेल. डबी आजारी पडली हे डबीनंच सांगावं, अशी अपेक्षा मी इतके दिवस ठेवून बसले होते.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर सोडते. स्वयंपाकघरातला हालचालीचा सेन्सर दिव्यासाठी आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. सकाळी तुम्ही उठलात की नाही हे तो मला सांगायचा. काळजीपोटी केलं, पण न विचारता केलं. आई, तुला कुणी असं बघत असलेलं आवडतं का, हे मी तुला विचारायलाच हवं होतं. तुम्ही दोघं बोला. नको म्हणालात तर तो सेन्सर मी परत जोडणारच नाही, आणि माझ्या मनात काही राहणार नाही. हो म्हणालात तरी रोज सकाळी मी फोन करणारच आहे. सेन्सर होता म्हणून माझे फोन कमी झाले होते, हे मला काल मागचे कॉल बघताना दिसलं. आधी दिवसाआड बोलायचो, नंतर आठवड्याला एकदा. तुम्ही दोघांनी याबद्दल एका शब्दानं तक्रार केली नाहीत.

बाबा, तुमच्यासाठी काम आहे. तुमच्या त्या लांब वहीत एक पान करा. प्रत्येक वस्तूचं नाव, ती कुठे लावली आहे, सेल कुठला लागतो (आत गोल सेलवर सीआर 2032 किंवा सीआर 2450 असं कोरलेलं असतं, दोन्ही दिसायला सारखेच, पण जाडी आणि रुंदी वेगळी) आणि सेल कधी बदलला. प्रत्येक वस्तूवर किंवा तिच्या खोक्यावर जोडणीचा कोड असतो, तोही उतरवा. नव्या हबचं खातं तुमच्या नावानं उघडू, पासवर्ड त्याच पानावर. इतके दिवस तुमच्या घराचं खातं माझ्या नावावर होतं, आणि माझा फोन हरवला असता तर तुम्हाला तुमच्याच घरात काही करता आलं नसतं. मला फक्त दुसऱ्या क्रमांकाची परवानगी द्या, तीही हवी तेव्हा काढून घेता येईल अशी. बॅकअप दर महिन्याला निघेल, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर तुमच्या कपाटात.

जोडणी तुम्हीच करायची, मी शेजारी बसेन. एका वस्तूला पाचेक मिनिटं धरा. एखादी हट्टी निघेल, तिला अर्धा तास. रविवार पुरेल. काही सेन्सर स्थिरावायला एखादा दिवस घेतात, म्हणून मी सोमवारीही थांबणार आहे, रजा टाकली आहे. जुनी डबी कचऱ्यात टाकू नका. खात्यातून काढून, पुसून, मग ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे देऊ.

आई, शनिवारपर्यंत पॅसेजमधला दिवा रात्रभर चालूच ठेव, बटणावरून. बिलाचा विचार करू नकोस. आणि रात्री उठलीस तर बाबांना हाक मार, त्यांची झोपमोड झाली तरी चालेल. मी त्यांना सांगितलं आहे.

तुमची लेक