टोळी हलायच्या आत

प्रिय बबे,

इकडं सगळे बरे. जिजीचे गुडघे तसेच. गणपतीपासून पत्र नाही म्हणून रुसली असशील, पण आजचं तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

परवा नववीतली ती पोर पुस्तकं परत द्यायला आली. तीच गं, किती टन ऊस तोडल्यावर बापानं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेल याचा हिशोब तोंडी करणारी. पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं, एक कोपरा दुमडलेला नाही. "बाई, जमा करून घ्या." भाऊबिजेनंतर ऊसतोडीची टोळी हलणार, म्हणून तुळशीच्या लग्नाचीही वाट न बघता हिचं लग्न उरकणार. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; नवरा मुलगा एकटा, म्हणजे अर्धा. ही गेली की कोयता पुरा, आणि मुकादम जोडीची उचल मोजणार.

मी तिच्या घरी गेले. तू असतीस तर दारातूनच बालविवाहाचा २००६ चा कायदा आणि मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर काढला असतास! बीएडला असताना यावरून आपण रात्रभर भांडलो, सकाळी तू माझा चहाचा कप लपवलास. फोन करावाच, मीही करते. पण मांडव मोडल्यावर पोर राहणार कुठं? आई म्हणाली, "सहा महिने हिला कुणापाशी ठेवू? म्हातारीला दिसत नाही. फडावर न्यावी तर कोपीला दार नाही. आम्ही पहाटेच तोडीला जाणार." सांग, हिला कुठलं कलम वाचून दाखवू?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्यात हाच आकडा २२. लोक अडाणीपणा म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या आईला सगळं कळतं गं.

आणि पुढचं आपण पाहिलंय. आपल्या वर्गातली तिसऱ्या बाकावरची, तिची तिशीच्या आत गर्भाची पिशवी काढली, आता कंबर धरून चालते. पाळीत, आजारपणात खाडा पडला की मुकादमाचा दंड. २०१९ मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. ह्या पोरीला त्या रांगेत उभी करायची?

"माझ्याकडं ठेवते," म्हणाले, तर आई म्हणते, "ही तुमच्याकडं, धाकटीचं काय?" म्हणून आता दोघींसाठी वसतिगृहाच्या मागं लागलेय. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी सरकारनं काढलीत ना, तिथं. पालकांच्या ओळखपत्रावर ग्रामसेवकाची सही लागते, आणि बालविवाह रोखायचा अधिकारीही तोच. उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन बसणार आहे. ही व्यवस्था आषाढातच लागली पाहिजे, दिवाळीच्या तोंडावर नाही, हे मी आता प्रत्येक बैठकीत बोलणार.

तुझ्या लेकीची बारावी कशी चाललीय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? भावजींना नमस्कार सांग.

तुझा दादा समाजकल्याणमध्ये आहे ना अजून? दोन जागांचं त्याच्या कानावर घाल, आजच. आईनं लक्ष्मीपूजनापर्यंत थांबायचं कबूल केलंय.

तुझीच,
मंगी